एक-शून्यनंतरची दहा पावले

फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारत-सिंगापूर फुटबॉल सामन्यात भारताच्या लालियानझुआला छांगटेने चौदाव्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला चेंडू सिंगापूरच्या जाळीत गेला, तेव्हा सगळा स्टँड उभा राहिला. बसून राहिले ते फक्त माझ्या शेजारचे आबा. आबा आमच्या पेठेतले. तरुणपणी तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर हाफबॅक म्हणून, म्हणजे मधल्या फळीत, खेळलेले. कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे आम्ही पाच जण एका गाडीतून मडगावला आलो होतो आणि घाट उतरताना सर्वांत जास्त बडबड त्यांचीच चालली होती. गोल झाल्यावर मात्र त्यांनी चेंडूकडे पाहिलेच नाही. आपल्या बचावफळीकडे बोट दाखवून ते एवढेच म्हणाले, "आता बघ, मागं सरत्यात का न्हाई."

सरले. निदान मला तरी तसे दिसले. पहिल्या पंधरा मिनिटांत मध्यरेषेजवळ उभे असणारे बचावपटू हळूहळू दहा पावले मागे आले, त्यांच्यापाठोपाठ मधली फळी मागे आली आणि आघाडीचा खेळाडू समोर एकटा पडला. मध्यंतराला एक मिनिट उरले असताना सोंग उई-यंगने बरोबरी साधली, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला आणि जागतिक क्रमवारीत आपल्याहून बऱ्याच खाली असलेल्या सिंगापूरने आपल्याच मैदानावर आपल्याला २-१ असे हरवून २०२७ च्या आशियाई चषकाचा आपला रस्ता बंद केला. २०१९ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन आशियाई चषकांना पात्र ठरलेला संघ या वेळी पात्रता फेरीतच बाद झाला.

पराभवाचे दुःख असतेच, पण ज्याने वर्षानुवर्षे हा संघ पाहिला आहे त्याला त्या रात्री दुःखापेक्षा संताप जास्त आला असेल, कारण हा सामना आपण आधीही पाहिला होता, आणि तोही एकदा नव्हे. ५ सप्टेंबर २०१९ रोजी गुवाहाटीत ओमानविरुद्ध कर्णधार सुनील छेत्रीने पूर्वार्धात गोल करून दिला. ब्याऐंशीव्या आणि नव्वदाव्या मिनिटाला गोल खाऊन आपण १-२ असे हरलो. २६ मार्च २०२४ रोजी त्याच गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, त्याच्याच पेनल्टीवर अफगाणिस्तानविरुद्ध आघाडी घेतली. सत्तराव्या आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोल खाऊन पुन्हा १-२. ११ जून २०२४ रोजी दोह्यात कतारविरुद्ध छांगटेने सदतिसाव्या मिनिटाला गोल केला. शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाऊन पुन्हा १-२. आणि मग फातोर्डा. चार सामने, चारही पात्रता फेरीतले, चारही वेळा पहिला गोल आपला आणि चारही वेळा निकाल तोच.

दोह्याच्या सामन्याबद्दल न्यायाने बोलायचे, तर तिथे आपल्यावर अन्याय झाला. कतारच्या पहिल्या गोलाआधी चेंडू गोलरेषेबाहेर गेला होता, तो मैदानात ओढून आणून जाळीत मारला गेला, पंचांनी तो ग्राह्य धरला आणि व्हिडिओ साहाय्य उपलब्ध नव्हते. त्या गोलाची चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. पण त्या एका चित्रफितीने आपल्याला एक सोयही करून दिली. पंचांवर बोलता येऊ लागल्यामुळे, पात्रता आधीच मिळवलेल्या आणि म्हणून तरुण खेळाडूंना उतरवलेल्या कतारविरुद्ध आघाडी मिळाल्यावर आपण उत्तरार्धात काय करत होतो, यावर बोलण्याची गरज कुणाला उरली नाही. दुसरा गोल पंच्याऐंशीव्या मिनिटाला झाला आणि त्यात तर कसलाही वाद नव्हता.

तेव्हाचे राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्या कारकिर्दीत विश्वचषक पात्रतेचा पहिला सामना ओमानविरुद्धचा होता आणि शेवटचा कतारविरुद्धचा. पाच वर्षांच्या दोन टोकांना एकच धावफलक. मधल्या काळात चांगले दिवस आलेच नाहीत असे नाही: २०२३ च्या उन्हाळ्यात भुवनेश्वरला लेबनॉनला हरवले, बंगळुरूला कुवेतविरुद्ध टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टींवर, दक्षिण आशियाई देशांचा सॅफ करंडक जिंकला, जुलैमध्ये क्रमवारीत ९९ वे स्थान मिळाले आणि नोव्हेंबरमध्ये कुवेतमध्ये जाऊन मनवीर सिंगच्या गोलवर विजय मिळवला. १९९८ च्या विश्वचषकात तिसरे आलेल्या क्रोएशियाच्या बचावफळीत खेळलेल्या स्टिमॅच यांना आघाडी कशी राखावी हे ठाऊक नसेल असे मी म्हणणार नाही. ठाऊक असणे आणि ते अकरा जणांच्या पायांत उतरवणे यांत मात्र अंतर आहे, आणि प्रशिक्षकाला पगार त्या अंतरासाठीच मिळतो.

आघाडी राखणे म्हणजे मागे बसणे, हा गैरसमज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्याची मोडतोड थोडी सावकाश करायला हवी. बचावफळी दहा पावले मागे आली की तिच्या आणि मधल्या फळीच्या मध्ये मोकळी जागा पडते; ती भरायला मधली फळी मागे येते; मग चेंडू हाती आला तरी पुढे पास द्यायला कुणी नसते, म्हणून तो लांब मारला जातो; पुढे एकट्या पडलेल्या आघाडीपटूभोवती दोन-तीन बचावपटू असतात, त्यामुळे तो चेंडू पाच-सहा सेकंदांत परत येतो. दरम्यान प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही बाजूंचे बचावपटू निर्धास्तपणे वर चढलेले असतात, कारण त्यांच्या पाठीमागे धावणारा कुणी नाही. अशा प्रकारे चेंडू परत परत अंगावर आला की विसाव्या वेळी कुणाचा तरी पाय घसरतो, कुणी तरी हात लावून बसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या एका खेळाडूचे नाव छापून येते. चूक त्याची असतेच, पण ती करण्याच्या वीस संधी त्याला कुणी दिल्या?

उलट, ज्यांना आघाडी राखता येते ते संघ गोलनंतर चेंडू आपल्याकडे ठेवतात, बचावफळी वरच ठेवतात, आणि प्रतिस्पर्धी पुढे सरकला की त्याच्या पाठीमागच्या जागेत वेगवान खेळाडू सोडतात. छांगटेसारखा धावणारा संघात असताना हे न करणे म्हणजे घरात गाडी उभी असताना चालत जाण्यासारखे आहे.

"आपल्याकडे तसे खेळाडू नाहीत" हे उत्तर मला तोंडपाठ आहे, आणि ते ऐकले की मला अ‍ॅश्ली वेस्टवूड आठवतात. बेंगळुरू एफसीला दोनदा आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची सर्वोच्च लीग, जिंकून देणारे हे इंग्रज प्रशिक्षक २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानच्या बाकावर होते. त्या अफगाण संघातील अनेक नेहमीच्या खेळाडूंनी आपल्या महासंघाशी वाद झाल्यामुळे बहिष्कार टाकलेला होता, देशात घरचा सामना खेळण्याची सोय नव्हती, आणि तरीही तो संघ मागे पडल्यावर अजिबात घाबरला नाही. पुढे १० जून २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर आपण ०-१ असे हरलो, तेव्हा समोरच्या बाकावर पुन्हा वेस्टवूडच होते. एकच माणूस दोन वेगळ्या, फारशा साधनसंपन्न नसलेल्या संघांना घेऊन आपल्याला दोनदा हरवतो, तेव्हा प्रशिक्षकाने काही फरक पडत नाही हे म्हणणे मला पटत नाही.

स्टिमॅच यांच्यानंतर प्रशिक्षक झालेल्या मानोलो मार्केझ यांचे पर्व थोडक्यात आटोपते. एफसी गोवा या क्लबचे काम सांभाळूनच त्यांनी राष्ट्रीय संघ हाती घेतला, आठ सामन्यांत एक विजय मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये परस्पर संमतीने ते बाजूला झाले. त्यांच्या संघाने आघाडी गमावली असे म्हणता येणार नाही, कारण शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध मिळवलेला ३-० हा विजय सोडला तर त्यांच्या संघाला आघाडी मिळालीच नाही. त्या विजयासाठीसुद्धा निवृत्त झालेल्या, चाळिशी गाठलेल्या छेत्रीला परत बोलवावे लागले आणि त्याने गोलही केला. छेत्रीच्या पुनरागमनाचा आनंद झाला नाही असा चाहता विरळा. पण ते पुनरागमन म्हणजे प्रशिक्षकाने दिलेला कबुलीजबाबच होता. २०२४ या संपूर्ण वर्षात अकरा सामन्यांत आपल्याला एकही विजय मिळाला नाही आणि गोल झाले अवघे चार, त्यांतली एक छेत्रीची पेनल्टी आणि एक हेडर राहुल भेकेचा, म्हणजे बचावपटूचा. क्लबमध्ये आघाडीची मधली जागा वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंना दिली, तर राष्ट्रीय संघासाठी तिथे खेळणारा आकाशातून पडणार नाही. हे दुखणे प्रशिक्षकाच्या हातचे नाही, हे मान्य.

शिबिराला दिवस मिळत नाहीत, हेही मान्य. २०२३ च्या नावाने, पण २०२४ मध्ये झालेल्या आशियाई चषकात १३ जानेवारी २०२४ रोजी ऑस्ट्रेलियाशी खेळायचे होते आणि आपली इंडियन सुपर लीग डिसेंबरच्या अखेरीपर्यंत चालूच होती. त्या स्पर्धेत तीन सामन्यांत आपला एकही गोल झाला नाही. २०२५ मध्ये तर भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचा गुंता न सुटल्याने लीग वेळेवर सुरूच झाली नाही. पण या सगळ्या सबबी गोल न होण्याच्या आहेत. गोल झाल्यावर तो गमावण्याची सबब यांत कुठे आहे?

मार्केझ यांच्यानंतर प्रशिक्षक झालेल्या खालिद जमील यांच्याबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो, कारण तेरा वर्षांनी भारतीय माणूस या जागी आला याचा मला मनापासून आनंद झाला होता. महिंद्रा युनायटेडमध्ये खेळलेला, मुंबई एफसी तुटपुंज्या साधनांवर वर्षानुवर्षे चालवलेला, आणि मिझोरममधल्या ऐझॉलला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारा हा प्रशिक्षक. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस त्यांच्या पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवले आणि काही दिवसांनी ओमानला टायब्रेकरवर. आम्ही पाच जण फातोर्ड्याला गेलो ते त्या भरवशावर. त्यांची विद्या दुबळ्या संघाला बळकट संघासमोर उभे करण्याची आहे: दाटीवाटीने बचाव करायचा, चूक होण्याची वाट पाहायची आणि झटक्यात पुढे जायचे. इराण किंवा ओमानसमोर हे शहाणपण आहे. मडगावात, घरच्या प्रेक्षकांसमोर, एका गोलची आघाडी असताना आणि समोर सिंगापूर असताना मात्र आपण स्वतःला दुबळे समजून खेळलो, आणि तासाभरात खरोखरच दुबळे झालो.

इथे मला माझ्याही पदरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी पेठेतल्या चौदा वर्षांखालील पोरांना मी दोन हंगाम शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे शिट्टी माझ्या गळ्यात होती. एका सामन्यात आमची पोरे एक-शून्यने पुढे होती आणि मी बाजूच्या रेषेवरून घसा फाटेपर्यंत ओरडत होतो, "मागं या, मागं या." पोरे निमूटपणे मागे आली आणि शेवटच्या पाच मिनिटांत सामना गेला. तेव्हा आबांनी मला काहीही सुनावले नाही. फक्त सामना संपल्यावर ते मैदानात गेले, आमची बचावफळी जिथे उभी होती तिथून गोलपोस्टपर्यंत पावले मोजत गेले आणि परत आले. फातोर्ड्यालाही विसाव्या मिनिटाला मी घड्याळ पाहिले होते. सत्तर मिनिटे कशी निघतील, हा विचार बाकावरच्या लोकांच्याही आधी माझ्या मनात आला असेल.

सामना संपल्यावर परतीच्या वाटेवर सावंतवाडीपर्यंत गाडीत कुणीच बोलले नाही. आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा धुके इतके दाट होते की समोरच्या गाडीचे दिवेही दिसेनात. तिथे आमच्यातला एक जण संघनिवडीवर तावातावाने बोलू लागला, बचावपटू संदेश झिंगन निलंबित नसता तर निकाल वेगळा लागला असता असे त्याचे म्हणणे होते. आबांनी त्याला शांतपणे विचारले, "झिंगन असता तर तोबी मागंच सरला असता की रं?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला १-० असे हरवले, बावीस वर्षांनी पहिल्यांदाच. त्या सामन्यात आघाडी त्यांची होती, तीही सुरुवातीच्या मिनिटांतली, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत टिकवली. मी तो सामना घरी पाहिला आणि संपल्यावर कुणालाही फोन केला नाही.

मग मार्च २०२६ मधला हाँगकाँगविरुद्धचा सामना तेवढा उरला होता. बाद तर आपण आधीच झालो होतो, त्यामुळे गुणांच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नव्हता. तरी त्याआधी एकदा शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेलो असताना आबांनी तिकिटांची चौकशी केली. निकाल काय लागायचा तो लागो, मी त्यांना म्हणालो, पण आपला गोल आधी झाला तर पुढची दहा मिनिटे मी चेंडू पाहणार नाही. आपले चार बचावपटू कुठे उभे राहतात तेवढेच पाहणार आहे. आबा म्हणाले, "मी मोजतो, तू लिहून घे."