स्क्रूची मर्जी

चारपैकी तीन स्क्रू निमूट निघतात आणि चौथा अडून बसतो, हा जुन्या गाड्यांचा अलिखित कायदा आहे. परवा दुपारी मागच्या दिव्याची काच काढायला बसलो, तर तेच. तिघे आले, चौथा ढिम्म. आणि तो नेमका रंगाला खेटून असलेला. स्क्रूड्रायव्हर सटकला की थेट पत्र्यावर ओरखडा. मी हात पुसले आणि त्याच्याकडे नुसता बघत बसलो.

बघत बसणं हे या कामाचं निम्मं अंग आहे, हे काकांमुळे कळलं. हेडलाइटच्या क्रोमच्या कड्याला खालच्या बाजूला एकच स्क्रू असायचा, म्हणजे सगळं चिखलपाणी तिथेच साचणार. काका गाडीपुढे उकिडवे बसायचे आणि मी शेजारी तेलाने भरलेलं झाकण धरून. आधी स्क्रूच्या भोवती कागदी चिकटपट्टीचे दोन थर. मग काडीच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन तो अलगद स्क्रूच्या कडेला सोडायचा. फवारा कधी नाही. "रंगाला कशाला अंघोळ?" म्हणायचे. ड्रायव्हरच्या मुठीवर लाकडी ठोकळ्याने हलकी टकटक करायची, आणि चक्क उठून घरात निघून जायचं! मला वाटायचं, काम सोडलं. संध्याकाळी परत यायचे आणि स्क्रू सोडवायच्या ऐवजी आधी किंचित आवळायचे. आतून बारीकसा 'कट्' असा आवाज आला की माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. मग अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे, पुन्हा मागे. तेलात कालवलेली लाल भुकटी आट्यांतून बाहेर यायची. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आट्यांत ती नसतेच, म्हणून तो भुकटी होऊन बाहेर येईपर्यंत पुढे-मागे करत राहायचं.

आता माझं एक खूळ. "चालेल हाच ड्रायव्हर" म्हणणाऱ्या माणसाला मी गाडीजवळ फिरकू देत नाही. फुलीच्या खाचेचा स्क्रू रुळला तो अमेरिकेत, हेन्री फिलिप्सच्या १९३६ च्या पेटंटांनंतर. कॅडिलॅक गाड्यांच्या जुळणीत तो आधी शिरला, कारण ड्रायव्हर आपोआप मध्यभागी बसतो आणि यंत्राने भराभर आवळता येतं. आवळता! चाळीस वर्षांनी कोणीतरी तो सोडवायला येणार आहे, हे त्या लगबगीत कोणाच्या डोक्यात येणार? खाचेच्या भिंती उतरत्या, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर चढतो आणि बाहेर पडतो. म्हणून फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त ताकद घालायची. जुन्या जपानी गाड्यांची गंमत वेगळीच. त्यांची फुली दिसते तशीच, पण घाट जपानी मानकाचा. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. तिथे फिलिप्सचा ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही आणि खाच गुळगुळीत होते. मग लोक म्हणतात, जपानी स्क्रू मऊ असतात.

दिशाही ठाऊक असलेली बरी. साधारण १९७० पर्यंतच्या बऱ्याच डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्यांना डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. तिथे अंगात जितका जोर जास्त, तितका नट घट्ट.

आणि ते फवारे. डब्ल्यूडी-४० हे १९५३ चं, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. अडलेल्या आट्यांत मुरायचं काम खास त्यासाठी केलेली तेलं जास्त चांगलं करतात. काही जण ॲसिटोन हे द्रावक आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. मुरतं झकास, पण ॲसिटोन रंगही तितक्याच आवडीने खातं, शिवाय पेटतं. रंगाच्या शेजारी मी ते आणत नाही. बर्नरही नाही. फार तर गरम केलेली सोल्डरिंग गन स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवायची. ऊब स्क्रूला मिळते, रंगाला नाही.

एवढ्यावरही ऐकला नाही, तर मी स्क्रूच्या बाजूने उभा राहत नाही. इथे लोक भलतेच हळवे होतात. स्क्रू साबूत निघावा म्हणून पकडीने हिसके देतात आणि शेजारच्या रंगाचा टवका उडवतात. अहो, स्क्रू नवा मिळतो! रंगाचा कोड जुळवून हुबेहूब डबाही मिळतो, पण ज्या उन्हाने बाकीचा पत्रा फिकटला ते त्या डब्यात नसतं. तेव्हा बरोबर मध्यावर टोकदार पंच ठोकून खळगा पाडायचा आणि उलट्या फिरकीचं ड्रिल लावायचं. पुष्कळदा स्क्रू त्या ड्रिलबरोबरच बाहेर येतो. नाहीच आला, तर डोकं उडवायचं, भाग उचलायचा आणि उरलेलं खोड पकडीने फिरवायचं. लोखंडाचा कीस मात्र लगेच चुंबकाने उचलायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसलं की ओरखडे, आणि राहू दिला तर पहिल्या ओलीला नारिंगी डाग.

डोकी उडालेले, खाचा गेलेले असे सगळे स्क्रू मी एका डबीत ठेवतो. फेकवत नाहीत. कोणी विचारलं तर सांगतो, नवीन घेताना माप दाखवायला लागतात. मापाला एक पुरतो, हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.