तुम्ही विचारलंत म्हणून: न सापडलेल्या खुन्याचं काय?

‘झाकलेलं सगळं उघडं होणार असं बायबलमध्ये आहे ना? मग गुपचूप पाप करणारे इतके मजेत कसे?’ हा प्रश्न उपासनेनंतर येतो, मयतीच्या घरी येतो, लग्नाच्या पंगतीतही सुटत नाही. उत्तर ऐकायला थांबतं कोण? म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी ते वचन. नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानातलं, 12:2. येशू तिथे शेजाऱ्याच्या भानगडींविषयी बोलतच नाही. आदल्या ओळीत तो आपल्याच शिष्यांना परूश्यांच्या (कडक नियम पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या) खमिरापासून, म्हणजे ढोंगापासून, जपायला सांगतोय. शिवाय उघडं होणार, पण कधी ते सांगितलेलं नाही.

मग तुम्ही आखान काढता, लूट लपवणारा जुन्या करारातला इस्राएली. देवाने पकडलाच की त्याला! पकडला, पण यहोशवाचा 7वा अध्याय सावकाश वाचा. घ्यायला मनाई असलेल्या यरीहो नगराच्या लुटीतला शिनारी (बाबेलकडचा) झगा, 200 शेकेल चांदी (सव्वादोन किलोच्या आसपास) आणि 50 शेकेलांची सोन्याची वीट त्याने तंबूत पुरली होती, चांदी तळाशी. तो सापडण्याआधी आय नगरावर चालून गेलेल्या सुमारे 3000 जणांपैकी 36 मेले. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. मग आधी वंश, मग कुळ, मग घराणं असं गाळत गाळत आखान पुढे आला. इस्राएलांचा पुढारी यहोशवा त्याला ‘माझ्या मुला’ म्हणून कबुली घेतो, आणि अखोरच्या खोऱ्यात त्याच्याबरोबर मुलगे, मुली, बैल, गाढवं, मेंढरं, तंबू, सगळं नेलं जातं. मूळ हिब्रूत 7:25 मध्ये आधी ‘त्याला’ दगडमार केला आणि लगेच ‘त्यांना’ जाळलं असं येतं. त्या ‘त्यांना’मध्ये मुलं धरायची की नाहीत? मुलांना ठाऊक असणारच, राहत्या तंबूत खड्डा खणला तर कळणार नाही का, असं मीही सांगत आलो. आता सांगत नाही. मजकुरात तसं कुठेच नाही. उलट बापाच्या पापासाठी मुलांना मारू नये, असं अनुवाद या नियमशास्त्राच्या पुस्तकात 24:16 मध्ये आहे आणि यहेज्केल संदेष्ट्याचा 18वा अध्याय तेच ठासून सांगतो. हे सांधणारं वाक्य माझ्याकडे नाही. होशेय संदेष्टा त्याच खोऱ्याला आशेचं दार म्हणतो, खरंय. त्याने या मुलांचं काय होतं?

आता अनुवाद 21:1-9, जो कुणी मला कधी विचारत नाही. रानात प्रेत सापडलंय, खुनी माहीत नाही. वडीलजन आणि न्यायाधीश येऊन भोवतालच्या गावांपर्यंतचं अंतर मोजतात. सर्वांत जवळच्या गावाचे वडील कधी जुंपलेली नाही, मानेवर जू घेतलेलं नाही अशी कालवड आणतात. नांगर लागला नाही, पेरा झाला नाही अशा वाहत्या ओहळापाशी तिची मान मोडतात, तिच्यावर हात धुतात आणि म्हणतात, हे रक्त आमच्या हातांनी पाडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. मोजायचं प्रेताच्या नाकापासून की बेंबीपासून, यावर यहुद्यांच्या मिश्ना या नियमग्रंथात रब्बींचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षकांचा, वाद आहे! हसू येतं खरं, पण दोन गावं जवळजवळ सारख्याच अंतरावर असली तर माप थोडं चुकलं तरी जबाबदारी भलत्याच गावावर जायची. मिश्ना पुढे विचारते, या वडिलांवर का खुनाचा संशय होता? नाही. हा माणूस आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला शिदोरीविना, सोबतीविना जाऊ दिलं असं झालं नाही, एवढंच त्यांना सांगायचं असतं.

आखानाला गर्दीतून वेचून काढणारा देव इथे खुन्याचं नाव सांगत नाही. का, तेही सांगत नाही. मला ही पळवाट वाटायची: हात धुतले, गाव मोकळं. पण मान मोडून झाल्यावर खुनी सापडला तर? मिश्ना म्हणते, त्याला देहदंडच. कालवड त्याच्या बदल्यात मेलेली नसते.