नखाने खरवडून

दुपारी वाळलेले कपडे काढायला खिडकीशी गेले, तर खाली पार्किंगच्या कडेला सोसायटीचा बोका उताणा पडून लोळत होता. माळ्याने सकाळी उपटलेल्या तणाच्या ढिगात तोंड खुपसलेलं, चारी पाय वर. एरवी हा सेक्रेटरींनाही भाव देत नाही. नीट पाहिलं, तर ढिगात खोकली होती. कुप्पीही म्हणतात तिला. पावसाळ्यात भिंतीच्या फटीतून उगवणारी, कुणी न लावलेली. तिच्या मुळांनी मांजरं खुळावतात.

मला रागच आला. याच बोक्यासाठी (बरं, माझ्या हौसेसाठीही) मी गेल्या नोव्हेंबरात कॅटमिंट, म्हणजे मांजरांना नशा चढवणारं विलायती रोप, पेरलं होतं.

तुळशी-पुदिन्याच्या गोतातलंच ते. दांडी तशीच चौकोनी, पान करडं-हिरवं. विलायतेतल्या बागांत वाफ्यांच्या कडेने त्याची निळी-जांभळी फुलं असतात. पहिला बहर ओसरला की छाटायचं, पुन्हा फुलतं. थंडीत वरचं सगळं वाळून जातं आणि वसंतात मुळातून परत येतं. उणे २० अंशही सोसतं म्हणे. म्हटलं, मग मुलुंडची खिडकी त्याला काय जड!

पाकिटावर तेच निळं फूल होतं. ज्या संकरित जातीचं ते फूल, तिला बी धरतच नाही, हे मला पेरून झाल्यावर कळलं. उगवलं ते त्याचंच भावंड, पांढऱ्या फुलांचं साधं कॅटनिप. असो. बोक्यापुढे पान चुरगाळून धरलं. त्याने हुंगलं आणि बिस्किटाची वाट पाहत बसला. सगळ्याच मांजरांना त्याची नशा चढत नाही. ते रक्तातच असावं लागतं.

एप्रिल-मे रोपाने कसेबसे काढले. जुलैत मुळं कुजली. बर्फ पचवणाऱ्याला आपली ओल पचली नाही. सदाफुलीचं बरोबर उलटं. मूळची मादागास्करची, पण इथे बारा महिने फुलते. विलायतेत कडाक्याची थंडी पडली की संपते, म्हणून तिकडे दरवर्षी नवी लावतात. नावातलं ‘सदा’ इथेच ठेवून जाते.

गिरगावात चाळीच्या गॅलरीत आजीचे डालड्याचे डबे ओळीने असत. तुळस, ओवा, गवती चहा, सदाफुली. डब्यांना खिळ्याने भोकं पाडलेली, त्यामुळे खालच्या काकूंच्या चादरींवर पाणी ठिबकायचं आणि संध्याकाळी दोन मजल्यांचं भांडण ठरलेलं. वाळलेलं रोप आजी लगेच टाकत नसे. “नखाने खरवड. आत हिरवं दिसलं तर आहे अजून.” मी सात-आठ वर्षांची. एका मे महिन्यात मी गॅलरीतल्या झाडून सगळ्या काड्या खरवडून ठेवल्या, तुळससुद्धा. आजीने मारलं नाही. डब्यासमोर बसून राहिली, आणि त्या दिवशी संध्याकाळी काकूंशी भांडलीही नाही.

कॅटमिंटची कुंडी अजून खिडकीत आहे. घरातले विचारतात, मी ऐकू न आल्यासारखं करते. आज पुन्हा खरवडून पाहिलं. तपकिरी. पार बुडाशीही तपकिरी. पण किती दिवस थांबायचं, ते आजीने कधी सांगितलं नव्हतं.

मग खाली गेले. ढिगातलं मुळासकट एक खोकलीचं रोप उचललं, म्हटलं, शेजारी लावून बघू. बोक्याने लोळणं थांबवून माझ्याकडे असं काही पाहिलं, की निमूट परत ठेवलं.