‘जमेल का?’ कसं विचारायचं

पुण्यात एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेसाठी मी गणित शिकवते. निवड झालेली मुलं टर्म ब्रेकमध्ये घरी आली की भेटून जातात. आता मुलीही येतात. खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. अभ्यासाचं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: “एकदम फर्स्ट क्लास, मॅडम!”

तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. तीन वर्षं, सहा टर्म. पहाटेपासून पीटी, ड्रिल, आणि त्याच दिवसात जेएनयूच्या पदवीचा अभ्यास. विषय राहिले तर रेलिगेट व्हायची भीती, म्हणजे कोर्समेट पुढे आणि आपण ज्युनिअरांबरोबर. मैदानावर ‘जमेल का?’ला ‘येस सर’ हेच उत्तर, आणि तिथे ते हवंच. पण अभ्यासाच्या प्रश्नावलीतही तेच उमटलं, तर आपण शिस्त मोजतो, स्वतःवरचा विश्वास मोजत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी २००६ मध्ये ‘हे मला जमेल’ हा विश्वास मोजायच्या पट्ट्या कशा बनवाव्यात ते सविस्तर लिहिलं. ‘तुला आत्मविश्वास आहे का?’ असं मोघम विचारू नका, नेमकं काम सांगा. ‘करीन का’ नाही, ‘आज करू शकतो का’ ते विचारा. खात्री किती ते ० ते १०० मध्ये, दहादहाच्या टप्प्यांनी. आणि कागदावर नाव नको. लष्करी शिक्षणात ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते.

त्यावरून मी एक पत्रक केलं. त्यातल्या ओळी अशा: पुस्तक न बघता आंशिक विकलन (पार्शल डिफरन्सिएशन) करणं. पीटीनंतरच्या पहिल्या तासाला जागं राहून व्याख्यान समजून घेणं. न कळलेलं वर्गात उभं राहून विचारणं. विकलनाला बिनधास्त ९० लिहिणारी मुलं या शेवटच्या ओळीला ३०-४० वर येतात! म्हणजे गणिताची भीती नाही, ‘मला येत नाही’ हे चारचौघांत बोलायची आहे. सरसकट सरासरी काढली असती तर हे कधीच दिसलं नसतं.

हे आकडे कॅडेटच्या मूल्यमापनाच्या फाइलमध्ये कधीही जाऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. गेले, की दुसऱ्या दिवसापासून सगळे १०० लिहितील. ते शिकवणाऱ्याकडेच राहावेत, आणि टर्मअखेरीच्या गुणांशेजारी ठेवून वाचावेत.

डिसेंबरच्या सुट्टीसाठी पत्रकात आणखी एक ओळ घातली आहे: अडलेलं गणित रात्री कोर्समेटकडे घेऊन जाणं.