रातकिडा आणि शंभर पानी वही

सोमवार, मध्यरात्रीनंतर

शेवटची लोकल गेली की रुळांकाठच्या इमारतींना पहाटे चारच्या सुमारापर्यंत जी काय मिळते ती मुंबईची शांतता. ज्याचे कान वाजतात त्याला नेमके हेच तीन-साडेतीन तास जड जातात. दिवसभर रिक्षा, मिक्सर, कोपऱ्यावरचं बांधकाम यांच्या गलक्यात दडलेला कानातला रातकिडा, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना ऐकू येणारी किर्रकिर्र, आता मोकाट सुटतो. ‘रात्री आवाज वाढतो’ असं सगळेच म्हणतात. वाढत नाही तो. ओहोटीला बँडस्टँडचे खडक उघडे पडतात तसं आहे हे. खडक तेवढेच, पाणी ओसरलेलं.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. पाच मिनिटांत ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. पुरेशी शांतता मिळाली तर बहुतेकांचे कान वाजतात. मेंदू त्या आवाजाला किती भाव देतो, तिथे माणसामाणसांत फरक पडतो.

मंगळवार

आतल्या कानात शंखासारखी वळणदार नळी असते, तिच्यात साधारण १५,००० केसपेशी. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा मार आधी उंच पट्टीच्या पेशींना बसतो. म्हणून ऑडिओग्रामवरची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावरची, रेघ ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात जाते आणि ८,००० ला पुन्हा थोडी वर येते. त्या पट्टीतून निरोप यायचे कमी झाले की मेंदू आपल्या बाजूचा व्हॉल्यूम वाढवतो, आणि मोठी होते ती नुसती खरखर. रातकिड्याची पट्टी बहुधा त्या खड्ड्यापाशीच सापडते.

श्रवणतज्ज्ञ मशीनवर हा आवाज जुळवून बघतात. ‘कुकरची शिट्टी’ म्हणून सांगितलेला आवाज बऱ्याचदा त्या माणसाला जेमतेम ऐकू येईल त्याच्या वर ५-१० डेसिबलच निघतो. मग घरचे म्हणतात, ‘एवढंच? मग काय त्यात!’ दातात अडकलेली बडीशेप किती ग्रॅमची असते, असं त्यांना विचारावं.

बुधवार

ताबडतोब कधी धावायचं, ते आधी. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर. ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून आठवडा काढला की नुकसान होतं. यावर देतात त्या स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त, दोन आठवडे उलटले की फार कमी. आवाज एकाच कानात असेल, सोबत चक्कर असेल, तोंड वाकडं झाल्यासारखं वाटत असेल, तरीही थांबायचं नाही. आणि आवाज धडधड येत असेल तर मनगटाची नाडी धरून ३० सेकंद ताडून बघायचा. ठोक्याला ठोका जुळला तर हे रातकिड्याचं प्रकरण नव्हे. रक्तवाहिन्यांची तपासणी लागते.

क्विनीन, मोठ्या डोसमधली ॲस्पिरिन, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं यांनीही कान वाजू लागतात. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, पण ज्यांनी लिहून दिलं त्यांना लगेच सांगायचं.

साधा मळही हा उद्योग करतो. कापसाचा बड घातला की मळ आत ढकलला जाऊन पडद्यावर थापला जातो. लसूण घालून कडकडीत केलेलं तेल तर घरोघरी अजून चालतं. पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं, आणि भोक आहे की नाही हे घरी बघता येत नाही. तपासणीसाठी महापालिकेची केईएम, नायर ही रुग्णालयं आहेत. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था आहे.

गोळ्यांबद्दल एवढंच: अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ साली जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यात गिंको, झिंक, मेलाटोनिन देऊ नये असं म्हटलं आहे. ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन लावून बघावं आणि विचारांची सवय बदलणारं समुपदेशन घ्यावं, असं तीच सूचना सांगते. मशीन घेतलं तर पावसाळ्यात रात्री ते बॅटरी काढून सिलिका जेलच्या डबीत. इथल्या दमट हवेत आणि गर्दीच्या डब्यातल्या घामात ते एरवी टिकत नाही.

शुक्रवार, पाऊस

आज पत्र्यावर सरी वाजताहेत, म्हणजे कान वाजणाऱ्यांना फुकटचा इलाज. छताचा पंखा घोंघावतो खालच्या पट्टीत, रातकिडा ओरडतो वरच्या. दोघांची गाठच पडत नाही. पावसाच्या आवाजात मात्र वरची सळसळ भरपूर असते. ऑक्टोबरनंतर हाच पाऊस फोनवर लावायचा.

लावायचा कसा, यातच सगळं आहे. फोन उशीखाली नको, हातभर लांब. आवाज शून्यापासून हळूहळू चढवायचा. पाऊस आणि रातकिडा दोन्ही शेजारी-शेजारी ऐकू येऊ लागले की बोट थांबवायचं. रातकिडा पूर्ण बुडाला तर पायरी चुकली, एक घर खाली. कारण मेंदूला सवय व्हायची आहे ती रातकिड्याची, आणि जे ऐकूच येत नाही त्याची सवय कशी होणार? शिवाय बुडवायची चटक लागली की दर महिन्याला पाऊस चढत जातो.

टायमर लावायचा नाही. पाऊस एक वाजता बंद पडला की माणूस तीनला जागा होतो, आणि खोलीत आवाज एकच. यूट्यूबवरून लावला तर ऐन दोन वाजता साबणाची जाहिरात किंचाळते. फाइल उतरवून घ्यायची आणि फोन एअरप्लेन मोडवर. अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत असेल तर मेंदू त्याचा सांधा पकडतो आणि त्याचीच वाट बघत बसतो, तेव्हा तासाभराचं रेकॉर्डिंग बरं. इअरबड घालून झोपणं तर नकोच. या हवेत कानात बुरशी धरते.

रविवार

गणपती जवळ आले; पथकांचे सराव चालू आहेत. कानाला ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० ला १५ मिनिटं, आणि ढोल-ताशाच्या पथकाला खेटून उभं राहिलं तर १०० सहज ओलांडतात. कापसाचा बोळा जवळपास निरुपयोगी. फोमचा प्लग घ्यायचा, बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर दिसत असेल तर तो बसलेला नाही. गल्ली ओलांडली की काढायचा. भीतीपोटी घरातही प्लग घालून बसणाऱ्यांचा मेंदू व्हॉल्यूम आणखी वाढवतो, मग ताटावर पळी आपटली तरी सोसवत नाही.

आता वहीचं. ‘रोज किती आवाज आहे ते लिहून ठेवा’ असा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो बरोबर उलटा पडतो. आकडा टाकायचा तर आधी कान आत लावावा लागतो. बोटं घालून, श्वास रोखून रातकिडा शोधावा लागतो. दिवसातून चारदा ही हजेरी घेतली की मेंदू समजतो, पाहुणा मोठा आहे. म्हणून शून्य ते दहाचा आकडा फक्त रविवारी, एकदाच. बाकी दिवस वहीत चारच गोष्टी: झोपेची वेळ, मोठ्या आवाजात गेलेली मिनिटं, जबडा-मान आखडली का (दात आवळले की बऱ्याच जणांचा आवाज तिथल्या तिथे बदलतो), आणि कानामुळे कोणतं काम राहिलं. पहिले दोन-तीन महिने रविवारचा आकडा हलतच नाही बऱ्याचदा. आधी शेवटचा रकाना रिकामा पडायला लागतो. एखादी ओळ अशी दिसते:

‘गुरु. ११.१५ ते ५.४०. सराव २० मि., प्लग होते. जबडा उजवीकडे आखडलेला. राहिलं – काही नाही.’