कोस्टा नव्हे, कोन्स्त: एका काचेच्या घोड्याचा माग काढत स्वीडनच्या दक्षिणेत

लुंडमधल्या एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी लोप्पिस भरतो. लोप्पिस म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. तिथे मला हा घोडा ४० क्रोनांना मिळाला. जेमतेम वीतभर उंचीचा, मधाच्या रंगाचा, पुढचे दोन्ही पाय उचललेला. पायांखाली स्वच्छ पारदर्शक काचेची जाड बैठक. उलटा करून पाहिला तर तळाशी सुईने कोरावीत तशी बारीक, तिरकी अक्षरं. विकणाऱ्या आजींनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ‘फिन हेस्त’ म्हणाल्या. छान घोडा.

काच दिसली की माझा पाय अडतो, त्याला कारण आहे. माझं माहेर तळेगाव दाभाड्याचं. पैसा फंडाच्या काच कारखान्यात आजोबा भट्टीवर होते. त्यांच्या मनगटांवर चटक्यांचे पांढरे डाग होते आणि प्रत्येक डागामागची गोष्ट ते आम्हा नातवंडांना सांगायचे. हाताने केलेली काच कशी ओळखायची, हेही त्यांनीच शिकवलं. साच्यातल्या काचेवर शिवण दिसते, दोन अर्धे जुळतात तिथली बारीक उभी रेघ. या घोड्याच्या पोटाखालून, मानेवरून बोट फिरवलं. शिवण कुठेच नव्हती.

घरी आल्यावर तळावर टाल्कम पावडर चोळून कापसाने हलकेच पुसली. पावडर ओरखड्यांत बसली आणि अक्षरं पांढरी उमटली. के, ओ, एस, टी. पुढचं पुसट. स्वीडनमध्ये राहणाऱ्या कुणालाही यावरून एकच नाव आठवेल, कोस्टा, इथला प्रसिद्ध काच कारखाना आणि त्याचं गाव! पुढच्याच शनिवारी घोडा लोकरी मोज्यात घालून मी व्हेक्शोची गाडी पकडली.

व्हेक्शो ही स्मोलँड प्रांताची काचनगरी. स्टेशनाजवळच्याच संग्रहालयात स्वीडिश काचेचं मोठं दालन आहे. तिथे मी दोन तास फक्त सह्या पाहिल्या. ओरेफोर्सच्या कोरीव फुलदाण्यांवर कारखान्याचं नाव, कलाकाराचं अक्षर, क्रमांक असं सगळं शिस्तीत लिहिलेलं. काचकलाकार विके लिंडस्ट्रांड १९५० ते १९७३ कोस्टात होते, त्यांच्या वस्तूंवर ‘कोस्टा’च्या पुढे ‘एलएच’ आणि आकडा. मोलेरोस गावचे काचकलाकार मात्स योनासन प्राणी करतात खरे, पण स्फटिक काचेच्या ठोकळ्यात पाठीमागून कोरलेले, समोरून पाहिलं की आत तरंगणारे. माझा घोडा यातल्या कशाशीच जुळेना. आकडा नाही, कलाकाराचं अक्षर नाही. मन जरा खट्टू झालं, तरी कोस्टाची बस पकडली.

रस्ता सगळा पाइनच्या जंगलातून, मधे मधे काळसर तळी. काचेचे कारखाने इथे का आले ते खिडकीतूनच कळतं. भट्टीला लाकूड हवं, ते इथे मुबलक. जमीन खडकाळ, शेतीत पोट भरत नसे, त्यामुळे हातही मिळत. कोस्टाची भट्टी १७४२ साली पेटली. कोस्कुल आणि स्टाएल फॉन होल्स्टाइन या दोन सेनानींनी ती काढली आणि दोघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून गावाला नाव पडलं. पहिले कारागीर बोहेमियातून आणले होते.

काचेचं भट्टीघर, ज्याला इथे हुत्ता म्हणतात, पाहुण्यांना कठड्याआडून बघता येतं. हजार अंशांच्या वर तापलेली काच सळईच्या टोकावर मधासारखी लोंबत असते. कारागीर बाकावर बसतो, सळई मांडीसमोरच्या दोन दांड्यांवर सतत फिरवत राहतो. हात थांबला की काच ओघळलीच. त्या वासाने, भट्टीच्या त्या घुमण्याने मला आजोबांच्या शर्टाची आठवण आली. डोळे भरले ते उष्णतेने, असं शेजारच्या बाईंना सांगितलं.

मधल्या सुट्टीत एक वयस्क कारागीर बाहेर आले. मी घोडा पुढे केला. त्यांनी तळाकडे पाहिलंच नाही. आधी आयाळीवर अंगठा फिरवला. तिथे एकसारख्या अंतरावर बारीक चिमटे आहेत, पोळीच्या कडेला मुरड घालावी तसे. ‘हा ओढलेला घोडा आहे,’ ते म्हणाले. गरम गोळ्यातून चिमट्याने आधी मान ओढायची, मग पाय, मग शेपूट, काच घट्ट व्हायच्या आत. ‘ही पद्धत इटलीची. मुरानोत हेच करतात.’

मग त्यांनी मोबाइलचा दिवा समोरून न धरता अगदी आडवा, तळाला टेकवून धरला. सावल्या पडल्या आणि मला एक अक्षर जास्तीचं दिसलं. ‘ओ’ आणि ‘एस’ यांच्या मधे एक ‘एन’ होता, ‘एस’च्या पोटात शिरलेला. कोस्टा नव्हे, कोन्स्त. कोन्स्तग्लास, म्हणजे कलाकाच. त्याआधी ‘एफएम’, आणि खाली, बैठकीच्या कडेशी, रोनेब्यू.

त्यांना लगेच उलगडा झाला. रोनेब्यू हे दक्षिणेकडचं, ब्लेकिंगे प्रांतातलं गाव. इटलीहून आलेल्या मार्कोलिन बंधूंचा काच कारखाना तिथे होता, आणि प्राणी ही त्यांची खासियत. घोडा इटालियन हाताचा, माती मात्र स्वीडनची. मला हे फारच आवडलं. बोहेमियाच्या हातांनी सुरू झालेल्या प्रदेशात शेवटी इटलीचे हातही रुजले.

संध्याकाळी कोस्टातच ‘हुत्तसिल’ जेवले. पूर्वी काम संपल्यावर भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर गावकरी हेरिंग मासा भाजत, रात्री फिरस्ते तिथे ऊब घ्यायला येत, गाणी-गोष्टी चालत. आता तिकीट काढून जेवायचं असतं, पण भाजलेला बटाटा आणि शेवटचा ओस्तकाका, म्हणजे दुधाच्या चोथ्याचा गोड केक, यांना तोड नाही.

दोन आठवड्यांनी रोनेब्यूला गेले. जुन्या वस्तीतली लाकडी घरं पाहिली, आणि चर्चमधलं १५६४ च्या कत्तलीच्या वेळचं कुऱ्हाडीचे घाव असलेलं दारही. नंतर एका जुन्या सामानाच्या दुकानात शिरले. खिडकीत निळा काचेचा मासा होता. दुकानदाराला विचारून उलटा केला, मोबाइलचा दिवा आडवा धरला. एफएम, कोन्स्तग्लास, रोनेब्यू. आणि ‘एन’ तसाच ‘एस’च्या पोटात शिरलेला. हात तोच.