बुलेट मोटरसायकल पुण्याहून जम्मूला रेल्वेने: आधी फोटो, मग सही

लेहच्या रस्त्यासाठी कंबर शाबूत ठेवायची होती, म्हणून बुलेट झेलम एक्सप्रेसने जम्मूला पाठवली. झेलम पुण्याहून सुटते आणि जम्मूतवीला संपते. मधल्या स्टेशनवर ट्रेन थोडा वेळच थांबते, तेवढ्यात जड माल उतरला नाही तर तो पुढे जातो. शेवटच्या स्टेशनला ही धास्ती नाही. तिकीट असेल तर लगेज म्हणून बुक करा, नुसतं पार्सल टाकलं की जागा मिळेल त्या ट्रेनने जातं.

आदल्या दिवशी बुलेट धुऊन घ्या. चिखलाखाली ओरखडा दिसत नाही आणि नंतर तो जुना की नवा यावर वाद होतो. फोटो पॅकिंगचं गोणपाट चढायच्या आधी काढा: चारी बाजू, किलोमीटरचा आकडा, चॅसिस नंबर, टाकीच्या दोन्ही कडा, दोन्ही लिव्हरची टोकं, सायलेन्सर. आरसे काढून सॅकमध्ये टाका. पेट्रोल पूर्ण काढावंच लागतं. पॅकिंगवाल्याला लिव्हर आणि इंडिकेटरला जास्तीचा पेंढा लावायला सांगा, पन्नास-शंभर जास्त गेले तरी चालतील. किंमत जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरा, नाहीतर भरपाई वजनाच्या हिशोबाने मर्यादित राहते. विम्याची पॉलिसीही वाचा. 'ओन डॅमेज' (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर) असेल तर रेल्वेने वा ट्रकने नेतानाचं नुकसान साधारणपणे त्यात येतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही.

पावतीची झेरॉक्स खिशात ठेवा. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मूत मुकं होतं, त्यामुळे सगळं फोनवरच्या मेलच्या भरवशावर सोडू नका.

जम्मूत क्रॅशगार्डवर एक लांब ओरखडा दिसला. सोबतचा मित्र तापायच्या आत फोटो उघडला, तर ओरखडा पुण्याचाच निघाला. गोणपाट फाटलेलं किंवा उसवलेलं दिसलं तर सही करण्याआधी 'ओपन डिलिव्हरी', म्हणजे रेल्वेच्या माणसासमोर उघडून तपासून ताबा, मागा. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ८१ नुसार ती द्यावी लागते. नुकसानीची लेखी नोटीस माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांत द्यायची असते, तेव्हा लेहहून परतल्यावर बघू म्हणत बसू नका. टाकी रिकामी असल्याने पेट्रोल पंपापर्यंत बुलेट ढकलावी लागते. फ्युएल इंजेक्शनवाली असेल तर पेट्रोल भरल्यावर चावी दोन-तीनदा बंद-चालू करून गाडीतल्या फ्युएल पंपाची घरघर ऐका, मगच स्टार्टर दाबा.

येताना मनालीहून खासगी ट्रान्सपोर्टने पाठवली. ती घ्यायला गोदामात संध्याकाळी बोलावलं होतं, आम्ही सकाळीच गेलो. अंधारात टाकीवरचा खड्डा दिसत नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक असतं. खाली वाकून पाहिलं तर मागच्या ब्रेकचं पेडल आत दबून इंजिनच्या केसिंगला टेकलेलं. पुढचं चाक उचलून फिरवलं, डिस्क घासत नव्हती. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं, फोर्कच्या सीलवर बोट फिरवून तेल लागतंय का तेही पाहिलं. "आधी सही करा, मग बघू," असं गोदामातला माणूस म्हणत राहिला. आम्ही डिलिव्हरीच्या पावतीवर 'ब्रेक पेडल वाकलेले' असं लिहून, त्याच्यासमोर फोटो काढून मगच सही केली. थोडी कुरकुर झाली, पण पेडलचे पैसे बिलातून वजा झाले.